मोटारींतील साक्षीदार : इष्ट कीं अनिष्ट?

नवी मोटार घेणाऱ्या गृहस्थापुढें हल्लीं एक नवाच प्रश्न येऊन उभा राहतो. गाडीचा रंग ठरला, विम्याचे कागद झाले, कीं विक्रेता विचारतो, "पुढच्या कांचेवर कॅमेरा बसवावयाचा ना?" डॅशकॅम या नांवानें ओळखले जाणारे हे कॅमेरे तीन-चार हजार रुपयांपासून पुढें हव्या त्या किंमतीस बाजारांत मिळतात, व मुलांना सोडावयास आमच्या विद्यालयाच्या फाटकापाशीं येणाऱ्या कित्येक मोटारींत आरशामागें त्यांचा काळा डोळा आतां दिसूं लागला आहे. कोणी त्यास निव्वळ चैन समजतात, तर कोणी सुरक्षिततेचें कवच मानतात. आमच्या मतें तो या दोहोंपैकीं कांहींच नाहीं. तो एक साक्षीदार आहे. साक्षीदाराची जी योग्यता व ज्या मर्यादा, त्याच याच्याही आहेत. या दृष्टीनें त्याच्या गुणदोषांचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या यंत्राची रीत पाहूं. इंजिन सुरू झालें म्हणजे कॅमेरा आपोआप चित्रण करूं लागतो, व एक, तीन किंवा पांच मिनिटांचे तुकडे पाडून तें लहानशा मेमरी कार्डावर सांठवितो. कार्ड भरलें कीं सर्वांत जुना तुकडा पुसून त्याच्या जागीं नवा लिहिला जातो. पाटीवर लिहावें व पुसावें, त्यांतलाच हा प्रकार. मात्र गाडीस जोराचा धक्का बसल्यास आंतील संवेदक तो ओळखतो, व त्या वेळचा तुकडा पुसला जाणार नाहीं अशी तजवीज करितो.

आतां गुणांकडे वळूं. रस्त्यावर दोन वाहनें एकमेकांस लागलीं म्हणजे पुढें काय होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. गर्दी जमते, जो तो दुसऱ्यास दोष देतो, ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याच्या बाजूचीं माणसें अधिक, त्याचें खरें ठरतें. 'बळी तो कान पिळी' हाच तेथला कायदा. चुकीच्या बाजूनें येऊन धडकणाराच उलट्या बोंबा मारूं लागला, तर नीट मार्गानें जाणाऱ्यानें साक्षीस कोणास बोलवावें? अशा वेळीं दोन मिनिटांचें चित्रण दहा जणांच्या शपथेहून अधिक मोलाचें ठरूं शकतें. कॅमेऱ्यास भीति नाहीं, लोभ नाहीं, विस्मृति नाहीं. सिग्नल लाल होता कीं हिरवा, हें तो कोणाचें तोंड पाहून सांगत नाहीं.

परंतु मोटारीच्या मालकापेक्षांही परक्याला होणारा उपयोग आम्हांस अधिक मोठा वाटतो. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले, व त्यांत १,६८,४९१ माणसें प्राणांस मुकलीं. कित्येक अपघातांत धडक देणारा थांबत नाहीं, पळून जातो. त्याच्या वाहनाचा पत्ता न लागल्यास मृताच्या कुटुंबास २ लाख रुपये व गंभीर जखमीस ५०,००० रुपये द्यावे, अशी योजना १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आली. वाहनाचा पत्ता लागला, तर मात्र न्यायाधिकरण मृताचें वय, मिळकत व त्यावर अवलंबून असलेलीं माणसें यांचा विचार करून भरपाई ठरवितें, आणि ती पुष्कळदां या ठराविक रकमेहून फार मोठी असते. म्हणून मागून येणाऱ्या एखाद्या त्रयस्थाच्या कॅमेऱ्यांत पळणाऱ्या वाहनाचा क्रमांक उतरला, तर एका अनाथ घराची चूल पेटती राहण्याचा संभव असतो.

ज्याची कोणास कल्पनाही नव्हती, असा लाभही या यंत्रापासून एकदां झाला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशांत एक प्रचंड उल्का फुटली, व मुख्यत्वें फुटलेल्या कांचांनीं सुमारें दीड हजार लोक जखमी झाले. त्या देशांत मोटारींतून असे कॅमेरे ठेवण्याची चाल पुष्कळ होती. त्यांतील चित्रणांच्या साहाय्यानें शास्त्रज्ञांनीं उल्केचा मार्ग, व ती अंतराळांत कोणत्या कक्षेंतून फिरत आली, याचें गणित मांडलें.

येथवर वाचून कोणी लगेच दुकानाची वाट धरील, तर त्यानें क्षणभर थांबावें. साक्षीदार प्रामाणिक असला, तरी त्याची दृष्टि अपुरी असूं शकते. समोर तोंड असलेल्या कॅमेऱ्यास मागून बसलेली धडक दिसत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १६.७ मीटर अंतर तोडते. कॅमेरा सेकंदास ३० चित्रें घेत असला, तरी लागोपाठच्या दोन चित्रांच्या दरम्यान ती सुमारें ५६ सेंटिमीटर पुढें गेलेली असते. रात्रीच्या अपुऱ्या उजेडांत अशा वेगवान वाहनाचा क्रमांक नुसता पुसट पट्टा होऊन राहतो. शिवाय रस्त्याची सारी रुंदी मावावी म्हणून या कॅमेऱ्यांस रुंद कोनाचें भिंग असतें, व त्यांतून समोरचें वाहन असतें त्याहून दूर दिसतें. तेव्हां "अंतर पुष्कळ होतें" असें चित्रावरून कोणी म्हणूं लागला, तर तें सावधपणें ऐकावें.

आपल्याकडील उन्हाळ्याचाही विचार केला पाहिजे. दुपारीं उन्हांत बंद उभी असलेली मोटार भट्टीसारखी तापते. त्या उष्णतेनें कॅमेऱ्यांतील लिथियमची बॅटरी फुगते. यास्तव बॅटरीऐवजीं कपॅसिटर असलेला कॅमेरा आपल्या हवेंत अधिक टिकतो. कार्डही सततच्या लिहिण्यापुसण्यानें झिजतें, आणि त्याची तपासणी कधींच न केल्यास नेमकें अपघाताच्या दिवशीं तें कोरें निघतें. गाडी उभी असतांना राखण व्हावी म्हणून कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेविल्यास गाडीच्या बॅटरीची शक्ति खर्ची पडते. आणि त्याचा पडदा डोळ्यांसमोर लुकलुकत असेल, तर चालकाचें लक्ष त्याकडे वेधतें. वर सांगितलेल्या वेगानें दोन सेकंद नजर ढळली, तर मोटार तेहतीस मीटर आंधळेपणानें धांवते. अपघाताची साक्ष देण्यासाठीं ठेविलेलें यंत्र अपघातासच कारण व्हावें, याहून विपरीत तें काय?

न्यायालयांतही हा साक्षीदार एकटा उभा राहूं शकत नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांतील जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीवरून झालेल्या वादांत उमेदवारी अर्जांच्या वेळचें चित्रण पुरावा म्हणून पुढें आलें होतें. त्या प्रकरणीं १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशा चित्रणाची प्रत सादर करावयाची तर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र तिच्यासोबत हवेंच. मूळ यंत्रच त्याच्या मालकानें स्वतः साक्षीस येऊन हजर केलें, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही प्रमाणपत्राची अट कायम आहे. सबब अपघातानंतर मूळ कार्ड काढून जपून ठेवावें. मित्रांस मोबाइलवरून पाठविलेली काटछाट केलेली प्रत म्हणजे पुरावा नव्हे.

यापुढचा आक्षेप अधिक नाजुक आहे. रस्त्यानें जाणाऱ्या शेंकडों निरपराध माणसांचें चित्र त्यांच्या संमतीवांचून घेण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? जर्मनीच्या संघीय न्यायालयापुढें हाच प्रश्न आला असतां १५ मे २०१८ रोजीं त्यानें मोठा समतोल निर्णय दिला. कारणावांचून अखंड चित्रण करीत राहणें हें तेथील माहिती-संरक्षणाच्या कायद्याविरुद्ध आहे, तथापि अपघाताच्या दाव्यांत तें चित्रण पुराव्यास घेतां येऊं शकेल, असा त्याचा आशय होता. आपल्या येथेंही २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. असें असतां दुसऱ्याची फजिती चव्हाट्यावर मांडून चार घटका करमणूक करून घेणें हें सभ्यतेस शोभत नाहीं. भाड्याच्या मोटारींत बसलेल्या उतारूंचें बोलणें त्यांच्या नकळत टिपणें हें तर उघडच गैर होय.

आणि सर्वांत मोठी कसोटी स्वतः मालकाची आहे. दहा आज्ञांत खोट्या साक्षीचा निषेध आहे, हें आमच्या विद्यालयांतील प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत आहे. पण खरी साक्ष दडपणें हें खोट्या साक्षीचेंच भावंड नव्हे काय? कॅमेरा दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ टिपतो, तसें आपल्या डोळ्यांतील मुसळही टिपतो. स्वतःची चूक दिसतांच जो कार्ड फेंकून देतो, त्यानें साक्षीदार ठेविला असें न म्हणतां भाडोत्री वकील ठेविला असेंच म्हणावें लागेल.

लूकाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी मनुष्याची कथा येथें आठवते. वाटेंत घायाळ पडलेल्या माणसास याजकानें पाहिलें होतें, लेवीनेंही पाहिलें होतें. पाहण्यांत त्यांचें उणें नव्हतें, थांबण्यांत होतें. अपघातग्रस्तास मदत करणारा उगाच पोलिसांच्या व कोर्टाच्या कचाट्यांत सांपडूं नये, म्हणून २०१९ सालीं आपल्या मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घालण्यांत आलें, व अशा परोपकारी मनुष्यास इंग्रजींत त्या शोमरोन्याचेंच नांव दिलें गेलें. आतां भीतीची सबब उरली नाहीं. कॅमेऱ्यानें सारें टिपलें आहे एवढ्यावर समाधान मानून जो गाडी पुढें हांकतो, त्याच्या कार्डावर त्याची स्वतःची निष्ठुरताच नोंदली जाते.

सारांश, नव्या मोटारींत हा कॅमेरा बसविणें एकंदरींत हितावहच आहे, असें आमचें मत आहे. परंतु तें कांहीं अटींवर. त्याचें तोंड रस्त्याकडे असावें, उतारूंकडे नसावें. आवाजाचें ध्वनिमुद्रण बंद ठेवावें, तसेंच प्रवासांत पडदाही बंद असावा. कार्ड महिन्यांतून एकदां तपासावें. चित्रण पोलिसांस व न्यायालयास द्यावें, बाजारास देऊं नये. तें आपल्याविरुद्ध गेलें तरी लपवूं नये. आणि अपघात दिसल्यास कार्डाची चौकशी मागाहून करावी. आधीं गाडी बाजूस घेऊन उतरावें, व जखमी मनुष्य कोठें पडला आहे तें पाहावें.