लांबी भरल्याने गंज मरत नाही

पावसाळा ओसरला की डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांवर गर्दी सुरू होते. चार महिने भिजलेल्या जुन्या गाड्यांच्या दरवाजांच्या तळाशी, चाकांवरच्या कमानीत, डिकीच्या कडेला रंगाखाली फोड आलेले असतात. मालक गाडी घेऊन येतो, फोडावर बोट ठेवतो आणि विचारतो, "एवढ्या जागेवर रंग मारायचे किती घ्याल?" पुढच्या सगळ्या तक्रारींचे मूळ या प्रश्नात आहे, असे आमचे मत आहे. गंज हा पत्र्याचा आजार आहे, रंगाचा नव्हे. पत्र्याच्या आजारावर रंगाचे औषध मागणारा ग्राहक आणि ते मुकाट्याने देणारा कारागीर या दोघांनीही याचा विचार केला पाहिजे.

हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर मुद्दाम घेत आहोत. कुर्ला, मुंब्रा, भिवंडीपासून चिपळूण, रत्नागिरीपर्यंत आपल्या समाजातील कितीतरी तरुणांचा चरितार्थ या धंद्यावर चालतो. अनेकांनी तो वडिलांकडून घेतला, काही जण आखाती देशांतील गॅरेजांत हात तयार करून परतले. या धंद्याला मोठी इमारत लागत नाही, मोठे कर्जही लागत नाही. हातातले कसब आणि गिऱ्हाइकाचा विश्वास एवढेच भांडवल. त्यातले कसब आपल्याकडे आहे. विश्वासाबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलावे लागेल.

गंज आतून येतो

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो हे सर्वांना माहीत आहे. खारे पाणी हे काम फार वेगाने करते, म्हणून किनारपट्टीवरची गाडी घाटमाथ्यावरच्या गाडीपेक्षा लवकर सडते. पण फोड बाहेर दिसतो तेव्हा आत काय झालेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो फुगतो म्हणूनच वरचा रंग उचलला जातो.

दरवाजाच्या काचेवरून आत उतरलेले पाणी बाहेर जावे यासाठी दरवाजाच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात. ती माती आणि पाल्याने बुजली की पाणी आतच साठते. रनिंग बोर्ड म्हणजे दरवाजाखालची पोकळ पेटी. चाकांनी उडवलेला चिखल तिच्या सांध्यांतून आत जातो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. पायाखालच्या मॅटखाली पाणी मुरते. बॅटरीखालचा पत्रा आम्लाच्या थेंबांनी खाल्ला जातो. या सर्व ठिकाणी सड आतून सुरू होते. रुपयाएवढा फोड बाहेर दिसला, तर आतला पत्रा तळहाताएवढा गेलेला असणे मुळीच नवलाचे नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी गाडीच्या पोकळ भागांत गेलेला गाळ वरून धुऊन निघत नाही. इंजिन चालू होते, गाद्या बदलल्या जातात, नवा रंग चढतो आणि गाडी विकली जाते. गंज आपले काम आतून करीतच राहतो.

आमचा स्वतःचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मारुती ८०० घेतली. १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेली आणि २०१४ साली उत्पादन थांबलेली ही गाडी मध्यमवर्गाची पहिली गाडी ठरली. आमचीही तीच होती. रंग नवा, चकचकीत. विकणाऱ्याने सांगितले, "पूर्ण बॉडी करून घेतली आहे, बघायचे कारण नाही." आम्ही बघितले नाही, ही आमची चूक.

त्याच पावसाळ्यात कुटुंबासह गावी जाताना महामार्गावर रात्री टायर बसला. पाऊस कोसळत होता. जॅक नेहमीच्या जागी लावून दोन-चार फेरे दिले, तर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच रनिंग बोर्डात घुसला. गाडी कलंडली. चाक अद्याप काढलेले नव्हते आणि हात खाली नव्हता, म्हणून निभावले. मुले आत झोपलेली होती. तो क्षण आम्ही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावातील एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी छिन्नी लावून वरचा रंग उडवला. खाली बोटाएवढ्या जाडीची लांबी. लांबीखाली तारेची जाळी आणि जाळीच्या मागे कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. पत्रा जवळजवळ नव्हताच. आम्ही विचारले, "चाचा, ज्याने हे केले त्याला खाली सडले आहे हे कळले नसेल का?" ते हसले. म्हणाले, "बाबा, जाळी लावली ना त्याने? भोक दिसल्याशिवाय कोणी जाळी लावत नाही." थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. "मीही तरुणपणी असे काम केले आहे. पत्र्याचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक उठून जायचे. घरी चूल पेटायला हवी होती."

या कबुलीत या धंद्याची खरी अडचण आहे. दोष एका कारागिराचा नाही. कमी पैशांत चकचकीत गाडी मागणारा बाजार आणि त्या बाजारापुढे मान तुकवणारा गाळा, असे हे दुहेरी दुखणे आहे.

खरे काम कसे असते

वरवरचा गंज आणि आरपार सड यांत फरक करणे ही पहिली पायरी. फोड फोडून आजूबाजूचा रंग पत्रा उजळ दिसेपर्यंत घासावा आणि टोचणीने दाबून पाहावे. पत्रा टणक असेल तर काम सोपे आहे. सुटे पोपडे तारेच्या ब्रशने काढावेत, ८० नंबरच्या पेपरने आणि मग बारीक पेपरने घासावे. खड्ड्यांत घट्ट बसलेला थोडा गंज उरला, तर त्यावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण चालते. मात्र पोपड्यांवर ते ओतून उपयोग नाही, ते वरच्या थरालाच लागते. पत्रा स्वच्छ व कोरडा झाल्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि त्यावर गरजेपुरती पातळ लांबी भरावी.

इथे आपल्याकडची एक जुनी सवय नडते. लांबी ओल्या पेपरने घासतात. लांबी सच्छिद्र असते, ती पाणी पिते. उघड्या पत्र्यावर भरलेली लांबी पाण्याने घासली आणि संध्याकाळपर्यंत वर प्रायमर मारला, म्हणजे गंजाला लागणारे पाणी आपणच आत कोंडले. पावसाळ्यात तर हे हमखास होते. लांबी कोरडीच घासावी आणि एक दिवस अधिक लागला तरी पूर्ण वाळू द्यावी.

टोचणी आरपार गेली तर लांबीचा विषयच संपला. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा. मूळ पत्र्याच्या जाडीचा, साधारण ०.८ मिलिमीटरच्या आसपासचा नवा तुकडा बेतून बसवावा. कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने अंतरा-अंतरावर टाके द्यावेत आणि प्रत्येक वेळी पत्रा थंड होऊ द्यावा. सलग वेल्डिंग केले तर पत्रा वाकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचे आवरण जळते. ती बाजू उघडी राहिली तर वर्षभरात तिथूनच पुन्हा गंज सुरू होतो. म्हणून आतून प्रायमर आणि पोकळ भागात मेण फवारणे हे कामाचा भागच समजावे, वरकड खर्च नव्हे. पाणी जाण्याची छिद्रे शेवटी मोकळी करावीत. अनेक ठिकाणी तळाला डांबरी कोटिंग मारताना ती बुजवली जातात. ओल्या चिखलावर किंवा गंजावर मारलेले कोटिंग संरक्षण करीत नाही, सड झाकून ठेवते.

कारागिराच्या जिवाचाही विचार हवा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी आणि मागच्या भागाचे काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवावी. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगच्या कडेवरचा मुलामा आधी घासून काढावा आणि हवेशीर जागी काम करावे. शिकाऊ पोरांना हे पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

"गिऱ्हाईक शेजारी जाईल"

आमचे गॅरेजवाले मित्र यावर म्हणतील, "हे सर्व ठीक आहे, पण खरा दर सांगितला की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाते." हे म्हणणे खोटे नाही. पण याला उत्तर आहे. ग्राहकापुढे दोन दर ठेवा. समजा, वरवरचे काम ५,००० रुपयांत होते आणि पत्रा कापून करायचे काम १२,००० रुपयांत. पहिले काम एक-दोन पावसाळे टिकेल, दुसरे पुष्कळ वर्षे, असे तोंडावर सांगा. ज्याला गाडी वर्षभरच वापरून भंगारात द्यायची आहे, त्याने दरवाजाचे तात्पुरते काम करून घेतले तर बिघडत नाही. तात्पुरते काम करणे हा गुन्हा नाही. ते कायमचे म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

रनिंग बोर्ड, जॅकची जागा, फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे जोडलेले असते तो भाग यांना मात्र ही सवलत नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चौकट नसते, बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो. तिथे लांबी किंवा फायबर भरून द्यायला ठामपणे नकार द्यावा, मग गिऱ्हाईक जावो.

ग्राहकानेही आपला हिशेब तपासावा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढते. ज्याला ती ५ वर्षे गाडी चालवायची आहे, त्याने ५,००० रुपयांचे काम तीनदा करून घेतले तर १५,००० रुपये गेले आणि गाडी सडलेलीच राहिली.

जुनी गाडी घेताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. रंग खराब होऊ नये म्हणून ते कापडात गुंडाळून कमानी, दरवाजांचे तळ आणि रनिंग बोर्ड यांवर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे जाड लांबी आहे असे समजावे. बोटाने ठोकून पाहावे, पत्रा वाजतो आणि लांबी मुकी राहते. मॅट उचलून बघावी. नव्याकोऱ्या रंगाला भुलू नये. उलट अलीकडेच रंग का दिला, हे आवर्जून विचारावे.

आमच्या सूचना

गाळेवाल्या बांधवांना आमची विनंती थोडक्यात अशी. फोड उघडून पाहिल्याशिवाय दर सांगू नका. कापलेला सडका पत्रा फेकून देऊ नका, ग्राहकाला दाखवा. बिलावर स्पष्ट लिहा : कोणत्या जागी पत्रा बदलला, कोणत्या जागी फक्त लांबी भरली. काम चालू असताना चार फोटो काढून ग्राहकाच्या मोबाईलवर पाठवा, त्याला खर्च काहीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील उणिवेबद्दल दाद मागता येते. स्वच्छ बिल ही ग्राहकाची जशी सोय आहे, तशी कारागिराचीही ढाल आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. इतकी वर्षे समुद्राच्या हवेत आणि मुंबईच्या पावसात त्या गाड्या उभ्या राहिल्या, त्यामागे गल्लीबोळांतल्या पत्रा कारागिरांचे हात होते. ते कसब अजून शिल्लक आहे आणि रस्त्यावर जुन्या गाड्याही पुष्कळ आहेत. आमची मारुती त्या चाचांनी नवा पत्रा घालून दिली. ती पुढे बरीच वर्षे चालली. आम्ही मुंबईहून इतक्या लांब त्यांच्याकडेच गाडी नेत राहिलो आणि आमच्या सांगण्यावरून आणखी काही जणही जाऊ लागले. त्यांच्या गाळ्यावर पाटीसुद्धा नव्हती.