मोबाइलमधले लिंकिंग आणि खतातले लिंकिंग

डीएपीची गोणी मागितली की सोबत झिंकची पिशवी नाहीतर विद्राव्य खताचा पुडा गळ्यात मारला जातो, हे ऐन पेरणीत कुणाला चुकले आहे? याला आपण लिंकिंग म्हणतो. असेच लिंकिंग आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही होते आणि त्यावर कारवाई झाली. ‘मोठ्या कंपन्यांचे भांडण, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून सोडून द्यावी अशी ती बातमी नाही.

ई-पीक पाहणीसाठी आपण वापरतो ते बहुतेक फोन गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात. फोन बनवणाऱ्याला गूगलचे प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची बाकीची ॲपही फोनमध्ये भरावी लागत, तीही ठळक जागी. प्ले स्टोअर नसलेला फोन घेणार कोण? म्हणजे डीएपी-झिंकचीच गत. तिघा वापरकर्त्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2019 मध्ये चौकशी लावली आणि 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 1337.76 कोटी रुपये दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. अमेरिकेतही मार्च 2024 मध्ये सरकारने आयफोनवाल्या ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला.

यात एक गोष्ट नीट बघा. आयोगाने मोबाइलच्या दुकानदाराला धरले नाही, फोन बनवणाऱ्यालाही नाही. अट घालणारा जो वर बसला होता, त्याला धरले. आपल्याकडे उलटे होते. तक्रार आली की गावच्या कृषी सेवा केंद्राला नोटीस, फार तर परवाना निलंबित. दुकानदार म्हणतो, “साहेब, वरूनच माल असा जोडून येतो.” काहीजण हे निमित्त करून आपलाच पडून राहिलेला माल खपवतात, हेही खरे. पण सगळेच खोटे बोलत नाहीत, आणि अट घालणारी कंपनी नामानिराळी राहते.

कारण उघड आहे. गूगलची अट करारात लिहिलेली होती. खतातली अट तोंडी असते, आणि आपण कच्च्या चिठ्ठीवर माल उचलतो. अंगठा लावून अनुदानित खताची ई-पॉसची पावती निघते, जोडीच्या मालाची तिच्यात नोंदच नसते. तेव्हा दोन्ही वस्तूंचे पक्के बिल एकाच वेळी मागा. नुसते खत द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी दुकान, तारीख, माल लिहून पंचायत समितीत अर्ज द्या. पोहोच घ्यायला विसरू नका. दुकानदारांनीही कंपनीकडून आलेल्या जोडमालाची बिले जपून ठेवावीत, त्यात त्यांचाच बचाव आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी असे अर्ज गावोगाव गोळा करून वाशीला पाठवावेत. स्पर्धा कायद्याप्रमाणे राज्य सरकार स्वतः आयोगाकडे प्रकरण पाठवू शकते. खताच्या कंपन्यांबाबत ते पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी तालुक्या-तालुक्यांतून बिलांचा गठ्ठा लागेल, आणि तो येत्या खरिपातच जमवायला घेतला पाहिजे.