श्रद्धा आणि तिच्या नावाने खपणारे जिन्नस

दरसाल ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीतुकाराममहाराजांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते आणि दुसरे दिवशी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी मुक्कामास येते. कारखान्यांच्या या गावी टाळमृदंगाचा घोष ऐकून आमचे काही सुशिक्षित स्नेही नाक मुरडतात व ‘ही सारी अंधश्रद्धा’ असा निकाल देऊन मोकळे होतात. उलटपक्षी, एखाद्या अघोरी चालीवर कोणी बोट ठेवले की ‘आमच्या श्रद्धेवर घाला आला’ अशी ओरड करणारेही थोडे नाहीत. दोन्ही पक्षांचा घोटाळा एकच आहे. निरनिराळ्या वस्तूंस ते एकाच नावाने हाक मारतात.

विश्वास या शब्दात श्वास आहे. निर्धास्तपणे श्वास घेता यावा, हा त्याचा मूळ भाव. तो अनुभवाने येतो व अनुभवानेच जातो. आकुर्डीच्या स्थानकावर लोकल वेळेवर येईल हा विश्वास होय. चार दिवस ती चुकली की उतारू दुसरी सोय पाहतो आणि त्यास कोणी पाखंडी म्हणत नाही. श्रद्धेचे तसे नाही. निघंटूत ‘श्रत्’ हा शब्द सत्याच्या नामांत गणला आहे. जे सत्य वाटले तेथे मन ठेवणे, ती श्रद्धा. पुरावा संपतो तेथेही ती माणसास उभी ठेवते. मात्र तिची किंमत तो आपल्या पदरची देतो. वारकऱ्याच्या पायांस फोड येतात ते त्याच्याच, शेजाऱ्याच्या नव्हेत.

आणि तिला विचाराचे वावडे नसते. २०२० साली करोनाच्या साथीत पायी वारी बंद राहिली व पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. सुमारे १६८५ पासून चालत आलेला सोहळा असा थांबला, तरी वारकरी घरी राहिला. भक्तास रोग शिवत नाही असा हट्ट धरून तो रस्त्यावर उतरता, तर त्या हट्टास आम्ही श्रद्धा म्हटले नसते. कारण त्याचा भुर्दंड वाटेवरच्या गावांनी भरला असता. खंडेनवमीस कामगार यंत्रास हळदकुंकू वाहतो, त्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. परंतु पूजा झाली म्हणून यंत्राचे संरक्षक कडे काढून ठेवणारा मालक स्वतःची बोटे पणास लावीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षे रखडला, तेव्हा वारी व कीर्तन गुन्हा ठरेल अशी हूल उठविण्यात आली होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्यात यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांस स्पष्ट शब्दांत मोकळीक आहे. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे मात्र गुन्हा आहे. हा कायदा वाचलेला मनुष्य आमच्या गावांत विरळा. आकुर्डीच्या मुक्कामी सहस्रावधी श्रोते जमतात. तेथे एखाद्या कीर्तनकाराने निरूपणाच्या ओघात त्याची अनुसूची समजावून सांगावी, अशी आमची त्या मंडळींस विनंती आहे.