रॉबिन्स, अ‍ॅप की सिनिअरच्या नोट्स?

डहाणू रोडहून सकाळी सुटणाऱ्या चर्चगेट लोकलमध्ये एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी भेटला, तर त्याचा मोबाइल बघा. दोन-तीन अ‍ॅप्स, टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफची रांग, सिनिअरच्या नोट्सचे फोटो आणि शिवाय बॅगेत जाडजूड रॉबिन्स. ‘यातलं वाचून काय झालं?’ असं मात्र विचारू नका. बिचाऱ्याचा चेहरा पडेल!

ही साठेबाजी उगाच होत नाही. मुळात परीक्षाच ठरत नाहीये. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ आणली. एमबीबीएसची अंतिम परीक्षा, डॉक्टरकीचा परवाना आणि पीजीचा प्रवेश हे तिन्ही या एकाच परीक्षेतून होणार होतं. कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत ती सुरू व्हायला हवी होती. जून २०२३मध्ये नियम आले, २८ जुलैला सराव परीक्षा ठरली आणि त्याच जुलैमध्ये आयोगाने सगळं पुढील आदेशापर्यंत थांबवलं. परीक्षा थांबली, पण तयारीचा बाजार थांबला नाही. ‘नेक्स्ट कधीही येईल’ या धास्तीवर पॅकेजं खपतात आणि खिसा आपला रिकामा होतो.

पॅथॉलॉजी कुठे विचारतात?

परदेशातून एमबीबीएस करून येणाऱ्यांसाठी परवान्याची परीक्षा आहेच, एफएमजीई. तिच्यात ३०० प्रश्न असतात, पास व्हायला १५० गुण लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग नसतं. त्यात पॅथॉलॉजीचे गुण १३. ‘तेरा गुणांसाठी हजार पानं कोण वाचणार?’ हा हिशोब इथेच चुकतो. मेडिसीन, सर्जरी, बालरोग या विषयांच्या प्रश्नांत पॅथॉलॉजी लपलेलं असतं. नेक्स्टच्या नियमांत तर पहिल्या टप्प्याला सहाच पेपर होते: मेडिसीन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग, कान-नाक-घसा आणि नेत्ररोग. पॅथॉलॉजीचा वेगळा पेपर नाही. म्हणजे पॅथॉलॉजी विचारणार, पण समोर पेशंट बसवून. म्हणून साधन निवडताना कसोटी एकच ठेवा: हे मला स्लाइडवरच्या पेशीपासून खाटेवरच्या पेशंटपर्यंत नेतं का?

आता हे डहाणूत आणून बघा

डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांमध्ये सिकलसेल हा काही पुस्तकातला आजार नाही. १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागातल्या सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट आहे. समजा, तुम्ही इंटर्न आहात. तलासरीच्या एका मुलीची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली. घरचे विचारतात, ‘डॉक्टर, पोरीला आजार आहे का?’

घोकंपट्टीवाला ‘हो’ म्हणून मोकळा होईल. पण ही टेस्ट फक्त हिमोग्लोबिन एस आहे एवढंच सांगते. मुलगी नुसती वाहक आहे की रुग्ण, ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहक मुलगी साधारण धडधाकट आयुष्य जगते. नवराही वाहक असेल, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तुमच्या एका चुकीच्या ‘हो’ने ठरलेलं लग्न मोडू शकतं. एमसीक्यूमध्ये हीच चूक एका गुणाची असते.

आणखी एक गंमत पाहा. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आक्रसून जाते, हे आपण पाठ करतो. पण भारतातल्या आदिवासी रुग्णांमध्ये फीटल हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त असतं आणि मोठेपणीही प्लीहा हाताला लागते. ‘प्लीहा वाढलीय, म्हणजे सिकलसेल नाही’ असं ठरवलंत, तर फसलात. डहाणू तालुक्यातच सासवंदला मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या किंवा कुठल्याही कॉलेजातल्या मुलांसाठी वॉर्डातला पेशंट हेसुद्धा एक साधनच आहे, तेही फुकट.

मग घ्यायचं काय?

अभ्यासाची कामं तीन: समजून घेणं, लक्षात ठेवणं आणि स्वतःला तपासणं. प्रत्येक कामाला एकच साधन ठेवा.

समजून घ्यायला रॉबिन्स. त्यातही मोठं रॉबिन्स झेपत नसेल तर ‘बेसिक’ घ्या, त्यात कमीपणा नाही. विद्यापीठाच्या मोठ्या उत्तरांसाठी हर्ष मोहन मांडणीला सोपं पडतं. उजळणीला अनेक जण शिकागो विद्यापीठाचे डॉ. हुसैन सत्तार यांचं ‘पॅथोमा’ वापरतात. पुस्तक छोटं आहे आणि सोबत व्हिडिओ आहेत. पण ते मुळात अमेरिकेच्या परवाना परीक्षेसाठी बनलंय, त्यामुळे आपल्याकडचे आजार त्यात आपल्याला हवे तितके सापडतीलच असं नाही. तपासायला मॅरो किंवा प्रेपलॅडरसारखी एक प्रश्नपेढी पुरे. दोन प्रश्नपेढ्या घेतल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

पैसे भरण्याआधी एक आठवडा ट्रायल घ्या. ‘अ‍ॅनिमिया’ हे एकच प्रकरण निवडा. वाचा, पुस्तक मिटा आणि मित्राला मराठीत समजावून सांगा. मग तीस प्रश्न सोडवा. चुकलेल्या प्रश्नाचं कारण तुमचं साधन नीट सांगत असेल, तर ते ठेवा. नसेल तर सोडा, मग टॉपरने कितीही शिफारस केलेली असो.

आश्रमशाळेतून किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर हे मराठीत सांगणं अजिबात सोडू नये. इंग्रजी वाक्य पाठ होतं, पण आजार कळला की नाही, हे आपल्या भाषेत बोलताना लगेच उघडं पडतं. पाड्यावर नेटवर्क जात असेल तर व्हिडिओ कॉलेजच्या वाय-फायवर उतरवून घ्या. पुस्तकाची मागची आवृत्ती लायब्ररीत मिळते का बघा. पेशी का मरते, सूज का येते, हे आवृत्तीगणिक फारसं बदलत नाही. कॅन्सरचं वर्गीकरण मात्र नव्यातूनच वाचा.

नेक्स्ट येईल तेव्हा येईल. तलासरीच्या त्या मुलीचे आई-वडील मात्र तुमची इंटर्नशिप सुरू झाली की समोर बसलेले असतील. तेव्हा त्यांना नेमकं काय सांगायचं, हे ज्यातून कळेल, तेच आज विकत घ्या.