आईला हिरो करू नका

सामान्य माणूस हाच खरा हिरो, असं म्हणायची आजकाल ज्याला त्याला हौस आली आहे. आठ मार्चला तर हे वाक्य ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. आमच्या भागात आदर्श माता पुरस्कार देतात. शाल, श्रीफळ आणि स्टीलचा डबा. (डबाच का, मिक्सर का नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.) भाषण करणारे बहुतेक पुरुष असतात आणि भाषणात श्यामची आई ठरलेली असते. पुस्तक वाचलेलं असतंच असं नाही, सिनेमा मात्र सगळ्यांनी बघितलेला असतो. तळवे मळू नयेत म्हणून जपतोस तसं मनाला जप, एवढा प्रसंग सांगून झाला की बायका डोळे पुसतात आणि कार्यक्रम संपतो.

माझं भांडण साने गुरुजींशी नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी हे पुस्तक लिहिलं, १९३५ मध्ये ते छापून आलं, आणि आज इतक्या वर्षांनी ते घराघरांत आहे, ते उगाच नाही. माझं भांडण आपण ते कसं वाचतो त्याच्याशी आहे. नीट वाचा की ते पुस्तक. एक बाई कर्जात बुडालेल्या घरात रोज राबते. सावकाराचा माणूस दारात येऊन बोलून जातो. घरावर जप्तीची वेळ येते, अब्रू चव्हाट्यावर येते. बाई आजारी पडते आणि मरते. मुलगा शिकायला लांब असतो, तो पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. मला विचाराल तर हे पुस्तक आईच्या थोरवीइतकंच कर्जाचं आहे, आणि दमून गेलेल्या शरीराचंही. आपण मात्र त्यातलं कर्ज काढून टाकतो, दुखणं काढून टाकतो आणि उरलेल्याला "संस्कार" म्हणतो. एवढ्या चांगल्या बाईला वेळेवर औषध, विश्रांती का मिळाली नाही, हा प्रश्न पुरस्काराच्या मांडवात कुणी विचारत नाही. विचारला तर शाल कुणाच्या खांद्यावर घालायची ते कळायचं नाही.

आणि त्या पुस्तकात दुसरी एक बाई आहे. महार समाजातली म्हातारी, लाकडाची मोळी घेऊन जाणारी. तिला मोळी उचलत नाही, आणि श्यामची आई श्यामला तिला हात द्यायला पाठवते, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. हा प्रसंग आपण कुणासाठी सांगतो? आईचं मन किती मोठं, हे सांगण्यासाठी. म्हातारीला नाव नाही, घर नाही. दुसऱ्या दिवशी मोळी कुणी उचलून दिली, ते आपण विचारलेलं नाही. तिच्या डोक्यावरच्या ओझ्यानं श्याम मोठा झाला, आईही मोठी झाली, म्हातारी होती तिथंच राहिली. गुरुजींना मात्र हे दिसत होतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ साली ते उपोषणाला बसले. म्हणजे आपल्याच पुस्तकातली ती मोळी त्यांनी खाली ठेवली नव्हती. आपण ठेवली.

मुलगा मोठा होतो त्या गोष्टी आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि चांगल्या आहेत. मिलिंद बोकील यांची "शाळा" २००४ साली आली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, त्याचे मित्र आणि शिरोडकर. पुस्तक सुंदर आहे, माझ्या मुलीनं ते तीनदा वाचलं. पण तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अक्का, शिरोडकरच्या मनात काय चाललेलं असतं गं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण पुस्तकात ते नाही. शिरोडकर निघून जाते, मुकुंदाला काय झालं ते आपल्याला कळतं. शिरोडकरला काय झालं? मुकुंद सांगतोय म्हटल्यावर त्याला दिसेल तेवढंच येणार, हे मला मान्य आहे. लेखकाची ती चूक नाही. पण मग मुलींना असली पुस्तकं हातात देताना "यातली सामान्य माणसं हीच खरी हिरो" असं शिकवू नका. कारण त्यातून मुलगी एवढंच शिकते, की आपलं काम दुसऱ्याच्या गोष्टीत चांगलं दिसायचं.

आता "बनगरवाडी" घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो आणि वाडीतल्या माणसांमुळं शहाणा होतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, एकेक माणूस असा की वाचून झाल्यावरही घरात वावरतो. त्यात शेकूची बायको आहे. पेरणीची वेळ आणि शेकूजवळ बैलांची जोडी नाही. मग ती बाई स्वतः जू खांद्यावर घेते. माडगूळकर तिथं एकही मोठा शब्द वापरत नाहीत. जे झालं ते सांगतात आणि पुढं जातात. म्हणूनच ते पान वाचताना पोटात गोळा येतो.

आमच्या वाचन मंडळात या पानावर एक काकू म्हणाल्या, "काय शक्ती असेल हो त्या बाईची!" मी म्हटलं, काकू, शक्तीचं राहू द्या, बैल कुठं होता ते सांगा. यावर बराच गोंधळ झाला. तुम्ही प्रत्येक गोष्टीत वाकडं बघता, असंही मला ऐकवलं गेलं. पण बस्तीत आपण लहानपणापासून काय ऐकत आलो? स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला अनुमोदन देणं, कृत, कारित, अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधतं. मुंगी मारली तर आपण प्रायश्चित्त घेतो. मग बाई औताला जुंपलेली बघून टाळ्या वाजवणं हे कशात बसतं? मंडळात यावर कुणी बोललं नाही. चहा आला.

आमच्या सीमाभागाचा लंपन मला यासाठीच आवडतो. प्रकाश नारायण संतांचं "वनवास" १९९४चं. कथाच त्या, पण एकामागून एक वाचल्या तर कादंबरीच होते. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहणारा हा पोरगा, आपल्या इथल्या कानडी हेलाच्या मराठीत बोलणारा. तो आजीला देव्हाऱ्यात बसवत नाही. ती रागावते, तो धुमसतो, दोघं जेवायला बसतात. ती कशी आहे ते तो नुसतं बघत असतो, आणि त्या बघण्यातच त्याचं मोठं होणं आहे.

आणि या लेखकाची आई कोण? इंदिरा संत. पती १९४६ साली गेले, तीन मुलं पदरात, बेळगावात अध्यापिकांच्या महाविद्यालयात शिकवलं, तिथल्या प्राचार्य झाल्या. अशा बाईला आपण डोळे झाकून आदर्श माता पुरस्कार दिला असता आणि डबा दिला असता. पण त्या स्वतः लिहीत होत्या. "गर्भरेशीम"ला १९८४ साली साहित्य अकादमी मिळालं. मुलाच्या गोष्टीत आपण कशा दिसू, याची वाट बघत त्या थांबल्या नाहीत. म्हणून त्यांचं एकटेपण, त्यांचा संताप, त्यांची ओढ आपल्याला त्यांच्या शब्दांत मिळते, दुसऱ्या कुणाच्या आठवणीत नाही.

लोक मला विचारतात, मग मुलींपुढं आदर्श कुणाचा ठेवायचा? आधी मुलींना दुपारचे दोन तास द्या. भांडी पडू देत. दहावीच्या सुट्टीत मुलगा क्लासला आणि मुलगी पापडाला, हे आमच्या समाजातल्या कितीतरी घरांत आजही चालतं. शिकलेल्या घरांत, मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या घरातसुद्धा. त्या पापड लाटणाऱ्या पोरीला कुणी हिरो म्हटलेलं तिला नको आहे. परवा माझ्या शेजारच्या घरातली अशीच एक मुलगी माझ्याकडं "शाळा" मागायला आली. मी पुस्तक दिलं आणि सोबत एक कोरी वही दिली. तिच्या आजीनं वही परत पाठवली, घरात वह्या भरपूर आहेत म्हणून. मी पुन्हा पाठवली आहे.