तयार मसाल्यांचा बाजार आणि वायगावची हळद

नायजेरियात जोलोफ भातात पडणाऱ्या तयार करी पावडरीचा पिवळा रंग हळदीचाच असतो. अशा मिश्र मसाल्यांना मागणी आहे. पण तपासणीही कडक झाली आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याने त्यांची विक्री थांबवली. जिवाणू व बुरशी मारण्यासाठी हा वायू वापरतात. बुरशीची सुरुवात मात्र बहुतेक वेळा वाळवणीतच होते.

समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन म्हणजे स्वच्छतेची हमी नव्हे. म्हणून शिजवलेली हळद मातीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवा, रात्री झाका. ओलावा १० टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच पॉलिश करून कोरड्या जागी साठवा. वरून रंग लावू नका.