खेळण्यांचेही सीमोल्लंघन

नवरात्र सरत आले, की भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत एकच लगबग उडते. यंत्रांवरील तेलकट थर पुसले जातात, हत्यारे आपापल्या जागी लागतात आणि खंडेनवमीला, ज्या यंत्रावर वर्षभर हात चालला, त्यालाच झेंडूची माळ घालून कामगार हात जोडतो. निर्जीव वस्तूविषयीही कृतज्ञ राहावे, ही आपल्या धर्माची शिकवण येथे डोळ्यांना दिसते.

पण हाच गृहस्थ घरी परतला म्हणजे काय घडते? कोपऱ्यात चाक निखळलेल्या मोटारी, विखुरलेले ठोकळे, गेल्या दिवाळीच्या किल्ल्यावरील हात मोडलेले मावळे! "उचल हे सारे, नाहीतर भंगारवाल्याला देतो!" अशी गर्जना होते. मग मुलाचे रडणे, आईची मध्यस्थी आणि ऐन सणात घरभर रुसवा.

दुसऱ्यांस बोल का लावावा? काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या झाडलोटीत आमच्या नातवाची मोडकी लाकडी गाडी आम्हीच त्याला न विचारता भंगारात दिली. आमच्या लेखी तो कचरा होता. त्याच्या लेखी सवंगडी. पोर दोन दिवस आमच्याशी बोलले नाही आणि पुढे आपल्या वस्तू गादीखाली लपवू लागले. पसारा आवरावयास गेलो आणि त्याची हाव मात्र वाढवून बसलो.

जे शास्त्र आम्ही आयुष्यभर इतरांस सांगितले, ते तेव्हा आम्हांला आठवले. आपले स्वामित्व आपण होऊन सोडावे आणि दुसऱ्याचे निर्माण करावे, यास धर्मशास्त्र दान म्हणते. जी वस्तू आपली नाही, तिचे दान आपल्या हातून होतच नाही. खेळणे आम्हीच विकत आणले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु ज्या क्षणी ते मुलाच्या हाती दिले, त्याच क्षणी आपले स्वामित्व सरले. 'न मम' हे शब्द ज्याचे त्यानेच उच्चारावयाचे असतात.

मग मुलांना ते शिकवावे कसे? दसऱ्याची कथाच सांगावी. वरतंतूंचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेच्या १४ कोटी सुवर्णमुद्रांसाठी रघुराजाकडे आला. विश्वजित् यज्ञात सर्वस्व दिल्यामुळे राजाजवळ मातीचे पात्र तेवढे उरले होते. कुबेराने सुवर्णवृष्टी केली, राजाने ते सारे सोने कौत्सापुढे ठेवले. पण कौत्स गरजेपेक्षा अधिक घेईना! कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात हा प्रसंग रंगविला आहे. उरलेले सोने लोकांनी वाटून घेतले, असे लोककथा सांगते. आपट्याची पाने ही त्याचीच खूण. अधिक ते वाटावे, हाच दसरा.

कृतीचा मार्ग तर चाकणच्या कामगारास ठाऊकच आहे. तेथील अनेक कारखान्यांत 'फाइव्ह एस' ही जपानी शिस्त पाळतात. तिची पहिली पायरी म्हणजे हवे ते नको त्यापासून वेगळे करणे. ज्या वस्तूविषयी शंका असेल, तिला रेड टॅग लावून बाजूला ठेवतात आणि ठरावीक मुदतीनंतर निर्णय घेतात. घरीही तसेच करावे. 'हवे', 'द्यावयाचे' आणि 'ठरावयाचे' असे तीन भाग मुलानेच पाडावेत. तिसरा भाग दिवाळीपर्यंत एका खोक्यात राहू द्यावा. किल्ला रचताना ज्या मावळ्याची आठवण होईल तो परत घ्यावा. उरलेल्यांचा निर्णय तेव्हा मुलासच विचारावा.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मोडके ते दान म्हणून देऊ नये; बांधकामावरील मजुराच्या मुलालाही धड खेळणे मिळण्याचा हक्क आहे. आणि आरंभ वडीलधाऱ्यांनी करावा. माळ्यावरील जुने डबे आणि कपाटातील न नेसलेली लुगडी जेथे हलत नाहीत, तेथे मुलाने ठोकळे का सोडावेत?

यंदा खंडेनवमीला यंत्रापुढे फूल वाहताना एक फूल मुलांच्या खेळण्यांवरही ठेवावे. ज्याने आनंद दिला, त्याला नमस्कार करावयास शिकलेले मूल उद्या ते आपल्या हाताने दुसऱ्यास देईल. आमच्या नातवाने गेल्या दसऱ्यास आपली लाल मोटार शेजारच्या लहानग्यास दिली. आम्ही तेव्हा काहीच बोललो नाही; केवळ त्याच्या हाती आपट्याचे पान ठेवले.